दुकानात कमरेला गन असते आणि वाकलं की शर्टातून दिसते: दोन वर्षं हाच त्रास, शेवटी कसा सुटला

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो, कारण या बाबतीत कायदा जागेप्रमाणे बदलतो. मी ह्यूस्टनला, टेक्सासमध्ये, हिलक्रॉफ्टच्या भागात एका सोन्याच्या दुकानात मॅनेजर आहे, म्हणजे आपल्या लोकांची दुकानं, हॉटेलं, सराफे सगळे जिथे आहेत तो भाग, २०१० पासून त्याला महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट म्हणतात. आमचं गाव विट्याकडचं, वडील आणि काका गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात, त्यामुळे सोनं, तिजोरी आणि रात्री दुकान बंद करतानाची धाकधूक हे लहानपणापासून बघितलंय. इथे ग्रीन कार्ड झाल्यावर रीतसर लायसन्स काढलं, शेठनी लेखी परवानगी दिली, आणि तेव्हापासून कामावर असताना माझ्या कमरेला गन असते, शर्टाच्या आत.

त्रास असा की सरळ उभा राहिलो तर कुणाला काही कळत नव्हतं, पण खालच्या शोकेसमधून ट्रे काढायला वाकलो की मागून उजवीकडे शर्टाला टोक यायचं. याला इथले लोक प्रिंटिंग म्हणतात, म्हणजे कपड्यावर गनचा आकार उमटणं. मी शर्ट बदलले, बेल्ट बदलला, दोन होल्स्टर (कमरेला लावायचं गनचं कव्हर) घेतली, आठ दिवस बरं वाटायचं आणि परत तेच. आता वर्षभर झालं, त्रास नाही. म्हणून सविस्तर लिहितोय, कारण मला जे सल्ले मिळाले त्यातले बरेचसे ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होते आणि दुकानात दिवसभर वाक, ऊठ, वर हात कर, खाली बस हे चालतं.

नवीन वाचणाऱ्यांनी हे मात्र सोडून पुढे जाऊ नका. तुम्ही एच-१बी, एच-४, एल-१ किंवा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर केंद्राच्या कायद्याने तुम्हाला गन बाळगायला मनाई आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत पण "मित्राने दिली म्हणून ठेवली" हा अपवाद नाही. आपल्यातली किती मुलं व्हिसावर आहेत हे मला माहीत आहे आणि हौसेपायी कुणाचं आयुष्य उलटंपालटं व्हायला नको. ग्रीन कार्डवाल्याला आणि नागरिकाला चालतं. दुसरं, टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ पूर्ण झालेल्या आणि कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला लायसन्सशिवायही हँडगन नेता येते, पण तरी लायसन्स काढाच, क्लास चार ते सहा तासांचा असतो, लेखी परीक्षा, आणि ५० गोळ्यांची नेमबाजीची परीक्षा ३, ७ आणि १५ यार्डावरून. शाळेपासून १००० फुटांच्या आत केंद्राचा गनबंदीचा वेगळा कायदा लागतो आणि त्यात राज्याचं लायसन्स असलेल्याला सूट आहे, आणि शहरात हजार फुटांवर शाळा नाही असा रस्ता तुम्हाला किती सापडणार.

आणि "कामावर" याचा अर्थ नीट समजून घ्या. टेक्सासमध्ये मालक कामाच्या जागेत गन आणायला मनाई करू शकतो. २०११ पासून एवढाच कायदा आहे की तुमच्या स्वतःच्या गाडीत, पार्किंगमध्ये, कुलूप लावून ठेवलेली कायदेशीर गन बहुतेक मालक अडवू शकत नाहीत, त्यालाही शाळा आणि काही केमिकल प्लांट वगैरेंचे अपवाद आहेत. माझा एक मित्र आयटीत आहे, त्याच्या कंपनीच्या पॉलिसीत सरळ नाही लिहिलंय, आणि तो मला विचारत होता की कुणाला कळणार नाही अशी कशी नेऊ. मी त्याला सांगितलं, नेऊ नकोस, गाडीत ठेव. मी खाली जे लिहिलंय ते परवानगी असलेल्यांसाठी आहे, ज्यांना गिऱ्हाइकाला घाबरवायचं नाहीये त्यांच्यासाठी. मालकापासून लपवण्यासाठी नाही.

माझी अडचण कुठे होती हे मला एका अक्षय्य तृतीयेला कळलं. दुकान खच्चून भरलेलं, एक सत्तर-पंचाहत्तरच्या आजी मुलाबरोबर आल्या होत्या, पुण्याच्या, सहा महिन्यांसाठी इथे आलेल्या, नातसुनेला पाटल्या घ्यायच्या होत्या. व्यवहार झाला, बावीस कॅरेटच्या दोन पाटल्या, वजन केलं, डबीत घातल्या, आणि सणाचा दिवस म्हणून मी काउंटरच्या बाहेर येऊन त्यांना वाकून नमस्कार केला. उठलो तर आजींचा हात आशीर्वादाला वर आलेला तसाच थांबला होता, आणि त्या माझ्या मागच्या आरशाकडे बघत होत्या. "बाळा, हे काय लावलंयस कमरेला?" असं अगदी हळू विचारलं त्यांनी. मी म्हटलं, आजी, दुकानाच्या सुरक्षेसाठी आहे, काळजी करू नका. त्या काही बोलल्या नाहीत, पण डबी घट्ट धरून बाहेर पडल्या, आणि जाताना मुलाला म्हणाल्या ते मला ऐकू आलं, इथे परत नको यायला रे.

मला ते फार लागलं. टेक्सासमध्ये २०१६ पासून लायसन्सवाल्याला होल्स्टरमधली गन उघड दिसली तरी गुन्हा नाही, म्हणजे कायद्याने माझं काही चुकलं नव्हतं. पण शुभ दिवशी सोनं घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाईला दुकानातून भीती बरोबर न्यायला लागली, आणि ती भीती माझ्या कमरेवरून गेली. त्या रात्री घरी आल्यावर ठरवलं की अंदाजपंचे कपडे बदलणं बंद, आता मेकॅनिक गाडीचा आवाज शोधतो तसं एकेक सुटं करून बघायचं.

पहिली गोष्ट केली ती म्हणजे व्हिडिओ. गन पूर्ण रिकामी करून, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, चेंबर (गोळी बसते तो भाग) दोनदा बघून (यासाठी निळ्या प्लास्टिकची नकली गन मिळते, मी नंतर तीच घेतली, ती जास्त बरी), बायकोला फोन धरायला लावला आणि दुकानातल्या दिवसभराच्या सगळ्या हालचाली केल्या. खालचा ट्रे, वरचं कपाट, तिजोरीपुढे उकिडवं बसणं, उंच स्टुलावर बसून उठणं, पलीकडच्या माणसाला शेकहँड, आणि वाकून नमस्कार. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. आरशात स्वतःला बघून हे कळत नाही कारण आरशात बघायला आपण सरळ उभे राहतो, आणि सरळ उभं असताना त्रास नसतोच.

व्हिडिओत जे दिसलं त्याने माझा दोन वर्षांचा समज मोडला. मला वाटायचं नळी लांब आहे म्हणून दिसतं, त्यामुळे लहान नळीची गन घ्यायचा विचार चालला होता. नळी कुठेच दिसत नव्हती, ती पँटच्या आत असते. दिसत होती ती मुठीची खालची टाच, मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, जिथे संपतं तो कोपरा. माझ्याकडे ग्लॉक १९ हे ९ एमएमचं पिस्तूल आहे, नळी जेमतेम चार इंच, पण मूठ पंधरा गोळ्यांची, म्हणजे उंच. आणि मी ती चार वाजताच्या जागेवर लावत होतो. घड्याळ पोटावर धरा, बेंबी म्हणजे बारा, उजवा कुल्ला तीन, तर चार म्हणजे कुल्ल्याच्या थोडं मागे. त्या जागेवर मूठ पाठीकडे तोंड करून असते, सरळ उभं असताना ती पाठीच्या खळग्यात बसते, पण वाकलं की पाठीवरचा कपडा ताणतो आणि मूठ तंबूच्या खांबासारखी वर येते. शर्ट कुठलाही घाला, हे होणारच.

त्यात आमच्या धंद्याच्या दोन खास भानगडी, ज्या कुणी सांगत नाही. सोन्याच्या दुकानात काउंटरवर वरून थेट स्पॉटलाइट असतात, दागिना चमकावा म्हणून, आणि तो वरून पडणारा उजेड शर्टावरच्या छोट्या उंचवट्याचीसुद्धा सावली पाडतो. घरी ट्यूबलाइटखाली जे दिसत नाही ते दुकानात दिसतं. आणि आरसे. आमच्याकडे चारही बाजूंना आरसे आहेत, गिऱ्हाईक माझ्यापुढे उभं असतं तेव्हा त्याला माझी पाठ दिसत असते. आजींनी तशीच बघितली. कपड्यांचं दुकान, सलून, चष्म्याचं दुकान, सगळ्यांना हेच लागू.

मग मी जागा बदलली, चारवरून तीनवर आणलं आणि होल्स्टरला पुढे तिरकं केलं, पंधरा अंशांच्या आसपास, बहुतेक होल्स्टरमध्ये स्क्रू सैल करून हे करता येतं. वाकताना बरंच कमी झालं पण आता गन नेमकी बाजूला, त्यामुळे काउंटरच्या चिंचोळ्या जागेतून जाताना शोकेसच्या काचेला लागायची, टक्क. होल्स्टर कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिक, काचेवर आपटलं की तो आवाज सगळ्या दुकानात जातो. खुर्चीच्या हातालाही अडकायची. आठवडाभर करून सोडलं. ज्यांचं काम मोकळ्या जागेत उभ्याने आहे, वेअरहाऊस वगैरे, त्यांना तीन वाजताची जागा छान बसेल असं माझं मत आहे.

शेवटी पुढे आलो, एक वाजताच्या जागेवर, उजव्या मांडीच्या घडीच्या जरा आत, याला अपेंडिक्स कॅरी म्हणतात कारण अपेंडिक्स तिथेच असतं. पुढे वाकलं की पोटावरचा कपडा सैल पडतो, ताणत नाही, त्यामुळे मूठ उमटत नाही. माझा खरा प्रश्न इथेच सुटला. पण नवे दोन उभे राहिले, आणि बरेच जण तिथेच हे सोडून देतात.

एक, उभं असताना मुठीचा वरचा भाग पोटापासून बाहेर झुकतो, विशेषतः थोडं पोट असेल तर, आणि आपल्या वयात असतंच. यावर दोन छोट्या वस्तू आहेत. एक म्हणजे वेज, फोमचा पाचरीसारखा तुकडा, होल्स्टरच्या खालच्या टोकाला शरीराकडच्या बाजूला चिकटवायचा, तो खालचा भाग बाहेर ढकलतो आणि त्याने वरचा भाग आत येतो. गंमत म्हणजे इथे नळीकडची लांबी उपयोगाची पडते, टेकायला जागा मिळते, म्हणून आखूड नळीची गन पुढे लावली तर ती उलट जास्त बाहेर पडते. दुसरी वस्तू क्लॉ, होल्स्टरच्या बाजूला प्लास्टिकचा छोटा पंख, तो बेल्टच्या आतून टेकतो आणि मुठीला शरीराकडे फिरवतो. नुसत्या क्लॉने माझं निम्मं काम झालं. वेज पहिल्यांदा जाड लावला तर मांडीला वळ उठले, मग ब्लेडने थोडा थोडा कमी केला, तीन दिवस लागले बरोबर बसायला. हे विकत आणून लगेच होत नाही, प्रत्येकाचं पोट वेगळं.

दोन, बसल्यावर टोचतं. होल्स्टर अर्धा इंच वर घेतलं, आणि बसायच्या आधी बेल्ट एक खूण सैल करायला शिकलो. त्यासाठी छिद्रांचा पट्टा चालत नाही, छिद्रांमध्ये एक इंच अंतर असतं, एकात आवळतं आणि पुढच्यात ओघळतं. रॅचेट बेल्ट घ्या, पाव पाव इंचाने सरकतो. मॉलमधला मऊ चामड्याचा पट्टा घालून कुठलंही होल्स्टर नीट राहत नाही, भरलेली गन पाऊण किलोच्या वर जाते, पट्टा वाकतो आणि गन झुलायला लागते. माझ्या मते पैसे घालायचे तर आधी बेल्टवर, मग होल्स्टरवर, कपड्यांवर सगळ्यात शेवटी. मी बरोबर उलटं केलं होतं.

पँट कमरेला दोन इंच मोठी. हे न केल्यामुळे माझे एक होल्स्टर वाया गेले, मला वाटलं तेच वाईट आहे.

आता अपेंडिक्स जागेबद्दल हात जोडून सांगतो. गनचं तोंड तिथे मांडीच्या मोठ्या धमनीकडे आणि पुढच्या सगळ्या नाजूक भागाकडे असतं. गन होल्स्टरमध्ये घालताना शर्टाची कड, जॅकेटची दोरी ट्रिगरच्या कडीत अडकून गोळी सुटल्याच्या घटना खरंच होतात, आणि त्या क्षणी काही करता येत नाही. म्हणून मी गन कमरेला असताना आत-बाहेर करतच नाही. सकाळी गन आधीच होल्स्टरमध्ये असते, ट्रिगर पूर्ण झाकलेला, आणि ते होल्स्टर गनसकट पँटमध्ये घालून क्लिप लावतो. रात्री तसंच गनसकट काढून तिजोरीत. रोज रिकामी करून रोज भरणं यातही धोका आहे, जितक्या वेळा हात लागेल तितकी चूक व्हायची शक्यता वाढते, शिवाय तीच तीच गोळी पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये ढकलली की तिचं टोक काडतुसाच्या पितळी कवचात आत सरकतं आणि दाब धोकादायक वाढू शकतो. कधी रिकामी करावीच लागली तर ती गोळी मी वेगळी ठेवतो आणि नव्या गोळीशेजारी उभी करून लांबी बघतो.

कपड्यांचं आता थोडक्यात, कारण बाकी नीट झालं की कपडे फार महत्त्वाचे राहत नाहीत. ह्यूस्टनचा उन्हाळा म्हणजे मे महिन्यातली मुंबई, दमट, शर्ट अंगाला चिकटतो. पातळ पोलो टी-शर्ट सगळ्यात वाईट. थोडं कडक कापड, बारीक चेक्स किंवा गडद रंग, पुढून जिपरच्या खाली दोन-तीन बोटं येईल इतकी लांबी, आणि आत सुती बनियन, तो घामही टिपतो आणि प्लास्टिक कातडीला घासत नाही. वर हात केला की शर्ट उचलला जातो, त्यावर शर्ट एक साइज मोठा घेण्यापेक्षा लांब घ्या, मोठा घेतला तर खांदे उतरतात आणि लांबी तेवढीच राहते. वरच्या कपाटाला मी आता डावा हात वापरतो, उजवी बाजू खाली राहते. फोटोग्राफर घालतात तसं खिशांचं जॅकेट जुलैमध्ये घालून हिंडू नका, इथल्या लोकांना त्यावरूनच कळतं.

दिवाळी, पाडव्याला मी आखूड झब्बा घालतो आणि झाकायला झब्ब्यासारखं काही नाही, पण खाली जीन्स आणि बेल्ट पाहिजे. नाडीच्या पायजम्यावर किंवा इलॅस्टिकवर होल्स्टर लावायचा विचारही करू नका, मी एकाला बघितलंय, बाथरूममध्ये सगळं खाली. गुडघ्यापर्यंतचा झब्बा असेल तर गन बाहेर काढायला दोन्ही हात लागतात, म्हणजे ती असून नसल्यासारखी. आमच्या दुकानात एक ताई आहेत, त्यांचंही लायसन्स आहे, त्या पंजाबी ड्रेस घालतात, बेल्ट नाही. त्यांनी बेली बँड घेतला, पोटाला गुंडाळायचा रुंद इलॅस्टिक पट्टा. पहिला नुसता कापडी होता, त्यात बाहेरून बोटाने ट्रिगर दाबला जात होता, हे रिकाम्या गनवर तपासल्यावर कळलं. मग ट्रिगरवर कडक कवच असलेला घेतला. पर्समध्ये ठेवायचा सल्ला त्यांना खूप जणांनी दिला, मी नको म्हटलं. पर्स काउंटरखाली राहते, आपण तिजोरीपाशी जातो, आणि गिऱ्हाइकांची लहान मुलं काउंटरखाली शिरतात, रोज शिरतात. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली गन ठेवणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी ड्रॉवर किंवा पर्स ही जागा नाही. अंगावर नाहीतर कुलपात, मधली जागा नाही.

आता सगळं करूनही दिसतं असं ज्यांना वाटतं त्यांनी आपला हात बघावा. व्हिडिओत मला सगळ्यात वाईट हेच दिसलं की मी दर दोन-चार मिनिटांनी उजवं कोपर कमरेला लावत होतो, उठलो की शर्ट खाली ओढत होतो, कुणी दार उघडून आत आलं की हात आपोआप तिथे जात होता. गन दिसत नसली तरी हात सांगत होता. ही सवय जायला दोन महिने लागले. मी एवढंच केलं की सकाळी लावल्यावर घरात दहा मिनिटं हिंडतो, जे काय सरकवायचं ते तेव्हाच सरकवतो, आणि दुकानात शिरल्यावर हात लावायचा नाही. काही खरंच सैल झालं तर बाथरूममध्ये जाऊन बघतो. सतत हात जातोय याचा अर्थ मनाला खात्री नाही की ती घट्ट आहे, आणि मन बहुतेक वेळा बरोबर असतं, आधी स्क्रू बघा. होल्स्टरचे स्क्रू चालण्याने सैल होतात, निळं लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) एक थेंब लावा, लाल नको, ते गरम केल्याशिवाय सहसा निघत नाही. क्लिपही बघत जा, माझी एक प्लास्टिकची क्लिप उन्हात गाडीत राहून तडकली होती, गन काढताना होल्स्टर बरोबर बाहेर आलं असतं.

बाथरूमचं बोललोच आहे तर ते पण. टाकीवर, कागदाच्या डब्यावर, हुकाला गन ठेवायची नाही, लोक तिथे विसरून जातात, दरवर्षी बातम्या येतात. होल्स्टरमधून काढायचीच नाही. बसल्यावर पँट गुडघ्यापाशी, बेल्ट परत लावून घ्यायचा म्हणजे वजनाने ती जमिनीवर जात नाही आणि शेजारच्या कप्प्यातल्या माणसाला दिसत नाही.

घामाने गंज येतो, स्लाइडला (वरचा सरकणारा भाग) नसला तरी साइट्सना (नेम धरायच्या खुणा) आणि मॅगझिनला. रविवारी पुसून हलकं तेल, बस.

कुठे काढून ठेवायची तेही कामाचाच भाग आहे कारण आमचं काम दुकानात संपत नाही. रजिस्टर्ड मेलने माल पाठवायला पोस्टात जावं लागतं, आणि पोस्टाच्या आवारात, पार्किंगसकट, गनवर केंद्राचा नियम आहे, लायसन्सने सूट मिळत नाही, त्यावर कोर्टात काय चाललंय त्यात मी पडत नाही, पोस्टाच्या दिवशी गन दुकानाच्या तिजोरीत. दारावर इंग्रजी-स्पॅनिशमध्ये मोठ्या अक्षरांत ३०.०६ (लपवलेली गन आणायला मनाई) किंवा ३०.०७ (उघड गन आणायला मनाई) ची पाटी असेल तिथे आत जाताना मी नेत नाही, बारमध्ये, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची असते तिथे, ५१ टक्क्यांची लाल पाटी असते, तिथे अजिबात नाही. आणि गणपती. आपले कार्यक्रम बऱ्याचदा शाळेचा हॉल भाड्याने घेऊन होतात, शनिवार असला, शाळा बंद असली तरी ती शाळाच. मी दुकानातून थेट आरतीला जायचो तेव्हा एकदा दारात लक्षात आलं आणि परत फिरलो, वीस मैल. आता फोनवर दुपारी चारची आठवण लावून ठेवलीय. गाडीत जी छोटी तिजोरी आहे ती सीटखाली तारेने बांधलेली आहे, पण मी ती टाळतो, गाड्या फोडून गन चोरतात.

भारतात ज्यांच्याकडे लायसन्स आहे त्यांनीही हे ध्यानात घ्या. तिकडे २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच कव्हरमध्ये आणि पूर्ण झाकलेली पाहिजे. म्हणजे विट्याच्या किंवा कोल्हापूरच्या सराफाने बत्तीसचं रिव्हॉल्व्हर कमरेला दिसेल असं लावून गल्ल्यावर बसणं, जे आमच्या लहानपणी रुबाब म्हणून बघितलंय, ते चालणारं नाही. आमचे काका निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमा करून यायचे, पावती घेऊन. इथली ९ एमएम तिकडे सामान्य माणसाला मिळतच नाही, आणि सामानात नेण्याचा विचार कुणी करत असेल तर करू नका, रिकामी काडतुसं सुद्धा बॅगेत राहिली तर विमानतळावर गोत्यात याल, रेंजवरची बॅग प्रवासाला वापरू नका.

शेठचा एक प्रश्न होता, की दिसतच नाही तर उपयोग काय, दिसली तर चोर येणार नाही ना. त्यांना मी जे सांगितलं तेच इथे सांगतो. दुकानाच्या इन्शुरन्सवाल्यांनी ट्रेनिंगला माणूस पाठवला होता, त्याने सांगितलं की दरोडा पडला तर माल द्या, विरोध करू नका, सोन्याचा विमा आहे. माझंही तेच मत आहे. मी सोन्यासाठी गन लावत नाही. चोर माल घेऊन जात असेल तर जाऊ दे. ती फक्त त्या वेळेसाठी आहे जेव्हा माल देऊनही तो आमच्या माणसांना मारायला निघाला आहे आणि दुसरा मार्ग नाही. आणि दिसणारी गन घेऊन उभा असलेला माणूस हा त्याचा पहिला नेम असतो. पोलीस आले तर दोन्ही हात रिकामे आणि वर, ओळखपत्र मागितलं तर लायसन्सही बरोबर दाखवायचं, हे ताईंनाही आणि मला पण पाठ आहे.

दुकानात आता फक्त तिघांना माहीत आहे. नव्या पोरांना सांगत नाही, ती बाहेर चहा पिताना बोलतात.

दसऱ्याला त्याच आजींचा मुलगा एकटा आला होता, आईला भारतात सोडून आला होता. मी त्याच्याशी त्या दिवसाबद्दल बोललो, माफी मागितली. तो म्हणाला, आईने घरी तो विषय परत काढला नाही, पण डबी मात्र तिने विमानात हातातच धरली होती. मी काउंटरच्या बाहेर येऊन त्याला सोनं म्हणून आपट्याची पानं दिली, खाली वाकून टोपलीतून उचलून, समोर मोठा आरसा, आणि पाठीवर शर्ट सपाट होता, मी बघितलं.

अजून एक जागा सुटलेली नाही ती म्हणजे गाडी. सीटबेल्टचा खालचा पट्टा नेमका मुठीवरून जातो, वीस मिनिटांत पोटाला कळ लागते आणि उतरताना शर्ट पट्ट्यात अडकून वर राहतो, दुकानाच्या दारापर्यंत कळत नाही. सध्या उतरल्यावर दार उघडं धरून शर्ट खाली करतो. सीटबेल्टचा कमरेचा पट्टा आधी शर्टाच्या खालून घ्यायचा आणि मग क्लिप लावायची असं एकाने सांगितलंय, या आठवड्यात करून बघतो.